पडद्याची मोटार

नांदेडात माधवराव वकिलांची मोटार लांबूनही ओळखू येई. बोलारमच्या रेसिडेन्सीत राहणारा कुणी इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता, म्हणून लोक तिला ‘रेसिडेन्सीवाली’ म्हणत. काळी, लांबलचक, आणि छप्पर इतकं उंच की डोक्यावरची पगडी न काढता आत बसता यावं. आतून अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या, राखी लोकरी बनातीच्या गाद्या, खिडकीपाशी फुलं ठेवायला चांदीचं छोटं नळकांडं. ड्रायव्हर आणि मागची माणसं यांच्यामध्ये काचेची भिंत. मागच्यांना पुढे काही सांगायचं झालं तर एक रबरी नळी होती. पुढून कुणी तिच्यात फुंकलं की मागे बारीक शिट्टी वाजे. मग टोपण काढून नळी तोंडाशी धरायची आणि बोलायचं. माधवरावांनी हैदराबादच्या रिवाजाप्रमाणे मागच्या सगळ्या खिडक्यांना आणि त्या काचेलाही जाड जांभळे पडदे लावून घेतले होते. पडदे ओढलेली मोटार म्हणजे आत जनाना, आणि तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

घाई मात्र तिला ठाऊक नव्हती. नव्या लॉऱ्या धूळ उडवत पुढे निघून जात आणि ही आपली सावकाश, हलकेच डुलत चाले. ड्रायव्हर किशनराव म्हणायचा, “ही पळायची गाडी न्हाई, मिरवायची हाय.”

अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखात या मोटारीने सौदामिनीचा जीव टांगणीला लावला.

सौदामिनी ही माधवरावांची सून. नवरा हैदराबादेत हायकोर्टात होता आणि ती नांदेडला सासूसासऱ्यांजवळ राहत होती. तिचं माहेर देगलूरचं. वडील शाळामास्तर, घरात सूतकताई. सासूबाई कावेरीबाईंना ते माहेर कधीच पसंत पडलं नव्हतं. सासऱ्यांचं बसणं-उठणं सरकारी अंमलदारांत. आणि सुनेचा धाकटा भाऊ उद्धव निजामाविरुद्ध पत्रकं वाटत किनवटच्या जंगलात फिरतो, हे कळल्यापासून कावेरीबाईंनी त्याचं नाव घरात घ्यायलाच बंदी केली होती.

तोच उद्धव एके सकाळी, उजाडायच्या सुमाराला, मागच्या दाराशी आला. इस्लापूरकडच्या रानात अन्नपाण्यावाचून, थंडीतापात काढलेले दिवस त्याच्या तोंडावर दिसत होते. छातीत कफ घरघरत होता. त्याच्यावर वॉरंट होतं. “अक्का,” तो म्हणाला, “बार्शीकडे गेलो तर वाचेन. इथं सापडलो तर तुझं घर बुडेल. सांग, मी जाऊ का परत?”

सौदामिनीने त्याला कडब्याच्या खोलीत नेऊन निजवलं. परत कुठे जाणार होता तो? त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. निजामाच्या हद्दीपलीकडचं बार्शी लातूरच्या बाजूने जवळ. आणि त्याच दिवशी कावेरीबाई आपल्या भाचीच्या लग्नाला लातूरला निघाल्या होत्या. सौदामिनीही बरोबर जाणार होती. पेट्रोल मिळणं मुश्किल झालं होतं, पण माधवरावांच्या शब्दावर ते मिळालं होतं. गाडी दारात उभी होती.

किशनराव चहाला बसला तेवढ्यात तिने ते काम केलं. मोटारीच्या मागच्या भागात पाय ठेवायला केवढी तरी जागा होती. काचेच्या भिंतीला लागून तिने उद्धवला कुशीवर निजवलं, वरून गोधडी घातली, गोधडीवर लग्नाच्या लुगड्यांचं बोचकं आणि आंब्यांच्या दोन टोपल्या रचल्या. सगळे पडदे ओढून घेतले. माधवराव कचेरीच्या कामाला आधीच बाहेर पडले होते, एवढं एक बरं होतं.

कावेरीबाई येऊन बसल्या. किशनरावने दार लावलं. या गाडीचं दार कधी आपटत नसे. मऊ आवाज होऊन बंद होई आणि बाहेरचं जग एकदम दूर जाई. सौदामिनीला वाटलं, आपण पेटीत कोंडले गेलो.

गोदावरी ओलांडून गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. सौदामिनीने घाईने नळी उचलली.

“वैनीसाहेब,” पलीकडून किशनराव बोलला, “गाडी मागनं लई बसून राहिली. काय भरलं एवढं?”

“आंबे आहेत,” ती म्हणाली.

“आंबे एवढे जड?” कावेरीबाईंनी विचारलं आणि टोपली सरकवायला पाय पुढे केला. पाय गोधडीला लागला. गोधडी गरम होती. त्यांनी वाकून तिचं टोक वर केलं.

उद्धवचे डोळे मिटलेले होते. ओठ सुकून पांढरे पडले होते.

कावेरीबाई ओरडल्या नाहीत. नळी हातभर अंतरावर होती. त्यांनी गोधडी खाली टाकली आणि सुनेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत उतरत राखेसारखा झाला.

“तुझा भाऊ?”

“हो आत्याबाई.”

“तुला कळतं का तू काय केलंस? ते फरफटत नेतील यांना. वकिली, घर, माणसं, सगळं जाईल. माझा मुलगा हैदराबादेत आहे, सौदामिनी. तुझा नवरा आहे तो.”

“कळतं.”

“मग?”

“त्याला दुसरं कुणी नव्हतं,” सौदामिनी पुटपुटली.

“गाडी थांबव. आत्ताच्या आत्ता फिरवायला सांग.” कावेरीबाईंनी नळी घ्यायला हात पुढे केला. सौदामिनीने तो धरला नाही. ती फक्त पाहत राहिली. त्या हाताने नळीचं टोपण काढलंही. पण तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला आणि बाहेरून कुणी तरी दरडावलं, “रोको!”

लोह्याच्या अलीकडे नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला बंदुका घेतलेले शिपाई, आणि त्यांच्यात खाकी घातलेले दोन-तीन रझाकार. कावेरीबाईंचा हात नळीवरच राहिला. पडद्याच्या फटीतून सौदामिनीला एक गाडीवान दिसला. त्याची गाडी पार रिकामी केली होती आणि तो आपली पसरलेली पोती गोळा करत होता.

बाहेर किशनरावचा आवाज आला, “नांदेडच्या वकीलसाहेबांची मोटार हाय जी. जनाना हाय आत. लगीन हाय लातूरला.”

मग दुसरा आवाज, जाड, वयस्क माणसाचा. “अरे, ये गाडी मैं पहचानता हूं. सुभेदारसाहेब आले तवा हीच आणली होती की नाही? जाने दो, जाने दो.” बांबू वर गेला. सौदामिनीने श्वास सोडला. आणि लगेच तोच आवाज म्हणाला, “किधर तक जाते? अहमदपूरहूनच ना? मेरे कू बी वहां थाने पे हाजिर होना है. बैठू क्या सामने?”

किशनरावला काहीच ठाऊक नव्हतं. तो खुशीने म्हणाला, “बसा की जमादारसाहेब. तुमच्यासारखं मानूस बसल्यावर मलाबी बरं.”

पुढचं दार उघडलं, मिटलं. पोलीस जमादार मौलासाब आता काचेच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर बसले होते. काच होती आणि तिच्यावर पडदा होता, इतकंच.

गाडी चालू लागली. आता थांबवणं नाही, फिरवणं नाही. कावेरीबाईंनी टोपण परत नळीत घट्ट बसवलं आणि हात मांडीवर घेतला. त्या समोरच्या जांभळ्या पडद्याकडे एकटक पाहत होत्या.

सौदामिनीला वाटत होतं, गाडीने पळावं. पण गाडी आपल्याच चालीने निघाली होती. बैलगाड्यांना हॉर्न देत, प्रत्येक खड्ड्याशी मंद होत, पाहुण्याने अंगणात पाऊल टाकावं तशी. एक लॉरी मागून आली आणि पुढे निघून गेली. माळाकोळीच्या चढावर तर बाजूने चालणारी माणसं गाडीच्या बरोबरीने चालू लागली. पुढून जमादारांचं हसणं ऐकू येत होतं. ते लाकडाच्या पट्ट्यांवर बोट वाजवून पाहत होते, घड्याळाबद्दल विचारत होते. “ये क्या है?” त्यांनी विचारलं असावं, कारण पाठोपाठ मागे शिट्टी वाजली. एकदा, मग पुन्हा. मौलासाब नळीत फुंकून गंमत करत होते.

आणि त्याच क्षणी उद्धवला खोकला आला.

गोधडीखालून आलेला तो आवाज खोल, घोगरा, पुरुषाचा होता. सौदामिनीने झटकन खोकल्याचं नाटक केलं, पण तिचा आवाज पातळ निघाला. पुढचं हसणं थांबलं. शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी गंमत म्हणून नव्हे.

कावेरीबाईंनी नळी उचलली.

परक्या पुरुषाशी त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. माधवरावांच्या अशिलांना पाणीसुद्धा त्या आडून देत. त्यांनी टोपण काढलं.

“अम्माजी, माफ करा,” जमादार म्हणाले. “खांसी किस कू है? लई वाईट आवाज आहे.”

“मला आहे,” कावेरीबाई म्हणाल्या. “दमा आहे मला.”

आणि त्या खोकू लागल्या. सौदामिनी थक्क होऊन पाहत राहिली. त्या खोटं खोटं खोकत नव्हत्या. पोटातून, छाती दुखेल अशा खोकत होत्या. उद्धवला उबळ आली की त्या आपला आवाज त्याच्यावर घालत. तो थांबला तरी त्या लगेच थांबत नसत. नेटकं लावलेलं कुंकू घामाने ओघळलं, डोळ्यांतून पाणी आलं. मैलामागून मैल ते चाललं. मधेच त्यांनी सौदामिनीकडे पाहिलं, त्यात माया नव्हती. राग होता, आणि कसलीशी जिद्द होती.

अचानक गाडी थांबली. रेडिएटरमधलं पाणी उकळलं होतं. किशनराव डबा घेऊन विहिरीकडे गेला. जमादार खाली उतरले, आणि त्यांच्या बुटांचा आवाज मागच्या दाराशी येऊन थांबला.

उद्धवचा एक पाय गोधडीबाहेर आला होता. सौदामिनीने त्यावर आपलं पाऊल ठेवलं, निऱ्या पसरल्या.

“अम्माजी,” बाहेरून आवाज आला. “मुलेठी आहे मेरे पास. तोंडात धरा. मेरी अम्मी कू बी दमा था. हात बाहेर करा, मी आत बघत नाही.”

सौदामिनीने काच खाली केली आणि पडद्याखालून हात बाहेर काढला. तिच्या तळव्यावर ज्येष्ठमधाच्या काड्या आल्या. “शुक्रिया,” ती कसंबसं म्हणाली. बूट दूर गेले.

कावेरीबाईंनी एक काडी आपल्या दातांनी चावून मऊ केली आणि वाकून उद्धवच्या तोंडात घातली. काही वेळाने त्याची घरघर जराशी निवळली.

अहमदपूर आलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ठाण्यासमोर गाडी उभी राहिली. मौलासाब उतरले, पण त्यांनी लगेच निरोप घेतला नाही. किशनरावला ते म्हणाले, आणि मागे स्पष्ट ऐकू आलं, “देख भाई, पुढे चाकूरला नाका कडक आहे. तिथं एक बाई ठेवलीय. पडदे उघडून आत बघती. जनाना असो, कोणी असो. बेगमलोकांना आधीच सांगून ठेव, घाबरायचं नाही.”

सौदामिनीने डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं. इथेच खाली उतरावं, आत्याबाईंना काही ठाऊक नव्हतं असं ठाण्यात सांगावं. तिने तसं म्हटलंही, अगदी हळू.

“गप्प बस,” कावेरीबाई म्हणाल्या. त्यांनी नळी उचलली आणि स्वतः फुंकर घातली. पुढे शिट्टी वाजली.

“किशनराव, जमादारसाहेबांना जरा बोलव.” मग, बूट गाडीजवळ आल्यावर, मोठ्या आवाजात, “जमादारसाहेब, दिवस बरे नाहीत. दोघी बायका आम्ही, मला हा असा त्रास. लातूरपर्यंत सोबत केलीत तर उपकार होतील. वकीलसाहेब तुमचं नाव विसरणार नाहीत.”

सौदामिनीला वाटलं, आत्याबाईंचं डोकं फिरलं. ज्या माणसाच्या भीतीने इतका वेळ श्वास कोंडला होता, त्यालाच त्या हाताला धरून परत बसवत होत्या.

“ड्यूटी है अम्माजी,” मौलासाब म्हणाले. मग घुटमळत, “साहेब कू पूछ के बघतो.”

ते ठाण्यात गेले. गाडी भर उन्हात ठाण्याच्या दारात उभी राहिली. आत भट्टी पेटली होती. भोवती माणसं जमली; कुणी मडगार्डवरून हात फिरवत होतं, कुणी चाकाच्या तारा मोजत होतं. एकाने खिडकीच्या काचेवर नाक टेकलं, पडद्याच्या पलीकडे, आणि किशनराव त्याच्यावर खेकसला. उद्धव तापात बरळू लागला. “अक्का, पाणी,” तो म्हणाला. कावेरीबाईंनी त्याच्या तोंडावर हात दाबला. दाबलेला हात थोड्या वेळाने सैल झाला. त्यांनी तांब्यातल्या पाण्याने पदर भिजवला आणि त्याच्या कपाळावर धरला. “आहे, पाणी आहे,” त्या अगदी त्याच्या कानाशी म्हणाल्या. “बोलू नकोस बाळा.”

मौलासाब किती वेळाने आले ते सौदामिनीला सांगता आलं नसतं. आले ते एकटेच आले. “साहेबांनी इजाजत दिली,” ते पुढे बसता बसता म्हणाले. त्यांचा आवाज खूश होता. अशा मोटारीतून लातूरच्या बाजारात उतरणं त्यांनाही आवडणार होतं.

चाकूरचा नाका आला. पडद्याच्या फटीतून हिरव्या ओढणीतली एक उंच बाई गाडीकडे चालत येताना दिसली. तिचा हात दाराच्या मुठीवर पडला; मूठ अर्धी फिरली. कावेरीबाईंनी सौदामिनीचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली.

“रहने दो बीबी,” पुढून मौलासाब म्हणाले. “नांदेडके वकीलसाहब की जनाना है. बीमार है. मैं साथ हूं ना.”

मूठ परत जागेवर आली. कुणी तरी सलाम ठोकला. गाडी हलली, आपल्या नेहमीच्या संथ चालीने. आणि त्या चालीमुळेच असेल, कुणालाही शंका आली नाही. भिणारं माणूस असं चालत नाही.

लातूरला गंजाच्या बाजारपेठेजवळ मौलासाब उतरले. जाण्यापूर्वी ते मागच्या खिडकीशी येऊन म्हणाले, “अम्माजी, तब्येत सांभाळा.” कावेरीबाई आतून म्हणाल्या, “अल्ला तुमचं भलं करो, भाऊ.” त्यांच्या तोंडून असा शब्द सौदामिनीने पहिल्यांदा ऐकला.

कावेरीबाईंची बहीण रुक्मिणबाई हिच्या घरी त्यांनी गाडी थेट मागच्या परसात न्यायला सांगितली. लग्नाची सगळी गडबड पुढच्या मांडवात होती. किशनरावने दार उघडलं, टोपल्या काढल्या, आणि गोधडीखालचा माणूस पाहून तो जागच्या जागी बसला. “आई गं,” तो म्हणाला, “म्हंजी जमादार माझ्या शेजारी आन् हे…” मग त्यानेच उद्धवला पाठीवर घेऊन माडीवर नेलं.

रुक्मिणबाईंच्या यजमानांचा धान्याचा व्यापार होता. त्यांनी वैद्य आणला, कुणाला काही विचारू दिलं नाही. लग्न पार पडलं. ताप उतरल्यावर ज्वारीच्या गाड्यांबरोबर उद्धव हद्दीकडे निघाला, आणि काही दिवसांनी एका व्यापाऱ्याने निरोप आणला की तो बार्शीला पोचला.

उद्धवला माडीवर निजवलं त्या दुपारी सौदामिनी सासूच्या पायाशी वाकली होती. कावेरीबाईंनी पाय मागे घेतले.

“पाया पडू नकोस,” त्या म्हणाल्या. “माझ्या घराला काडी लावायला निघाली होतीस तू. मी ते विसरणार नाही.”

सौदामिनी उभी राहिली.

“आणि पुन्हा असं काही करायचं झालं,” कावेरीबाई जरा थांबून म्हणाल्या, “तर आधी मला सांगत जा. मी बाहेरची आहे का?”

माधवरावांना हे किती कळलं, कुणास ठाऊक. त्यांनी कधी विचारलं नाही. भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. उद्धव देगलूरला परतला, आणि पुढे एकदा नांदेडला आला तेव्हा कावेरीबाईंनी त्याला स्वतः वाढलं. पण त्याच दिवसांत दुसऱ्याच बातम्या येऊ लागल्या. गावोगाव आता मुसलमानांची घरं लुटली जात होती, माणसं मारली जात होती. कावेरीबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

रस्ते सुरू झाले तसं त्यांनी किशनरावला बसने अहमदपूरला पाठवलं. तो परत आला तो मान खाली घालून. ठाण्यातले लोक बदलले होते. मौलासाबच्या घराला कुलूप होतं. कुणी म्हणालं हैदराबादला गेले, कुणी म्हणालं गुलबर्ग्याला.

“जिवंत गेले ना?” कावेरीबाईंनी विचारलं.

“न्हाई सांगता येत, बाईसाहेब.”

त्यानंतर अहमदपूरकडचं कुणीही अशील आलं की कावेरीबाई पडद्याआड थांबत नसत. बाहेर येऊन मौलासाबांची खबर विचारत. सौदामिनी त्यांच्या शेजारी उभी राही.